हवेचा केसपेपर

माझी भाची सध्या वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे. परीक्षेआधी चार दिवस ती आमच्याकडे राहायला आली होती. हवामानशास्त्राचा पेपर तिला जड जात होता. सकाळी माझी हॉस्पिटलला निघायची गडबड चाललेली, आणि ही डायनिंग टेबलावर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसलेली. डोकावून पाहिलं, तर इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची माळ. व्ही ए बी बी, मग सहा आकडे आणि झेड, मग २४०१४ के टी, २५००, आर ए, बी के एन ०१२, २७/२५, क्यू १००४. त्यात ना कर्ता, ना क्रियापद. आमच्या निवासी डॉक्टरांच्या नोंदी यापेक्षा बऱ्या असतात, असं मी म्हटलं. ती फणकारली, आणि मावशीला अर्धा तास बसवून तिनं ते वाचायला शिकवलं.

व्ही ए बी बी म्हणजे मुंबईचा विमानतळ. सहा आकडे म्हणजे तारीख आणि ग्रीनिचची वेळ. आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवायचे. २४०१४ के टी म्हणजे वारा २४० अंशांवरून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, १४ नॉट वेगानं येतो आहे. २५०० मीटरपर्यंतचं दिसतं आहे. आर ए म्हणजे पाऊस. बी के एन ०१२ म्हणजे आकाशाचे आठ भाग केले तर पाच ते सात भाग ढगांनी भरलेले, आणि त्या ढगांचा तळ १२०० फुटांवर. २७ हे तापमान, २५ हा दवबिंदू, आणि शेवटचा आकडा हवेच्या दाबाचा. या नोंदीला मेटार म्हणतात. जगभरच्या विमानतळांवरून तासाला किंवा अर्ध्या तासाला ती निघते, आणि तिचा क्रम सगळीकडे तोच. मराठीचं अक्षर न येणारा वैमानिक मुंबईची हवा वाचू शकतो आणि माझी भाची आइसलँडची.

मला त्यातली सगळ्यात आवडली ती २७/२५ ही जोडी. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागले की हवेत आणखी बाष्प मावायला जागा उरत नाही. वारा पडलेला असेल, रात्र निरभ्र असेल, तर पहाटे धुकं धरतं. आकडे वेगवेगळे पाहिले तर दोन्ही निरुपद्रवी. त्यांच्यातलं अंतर पाहायचं असतं.

हे ऐकताना मला माझ्या निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र आठवली. डेंग्यूचा रुग्ण होता, विशीतला मुलगा. ताप उतरला होता, म्हणून मी निर्धास्त. सिस्टरांनी दर तासाला लिहिलेला रक्तदाब समोर होता: वरचा आकडा हळूहळू खाली येतोय, खालचा हळूहळू वर चढतोय. दोन्ही आकडे आपापल्या जागी फार वाईट नव्हते. पण त्यांच्यातलं अंतर वीसवर आलं होतं, आणि डेंग्यूत त्याचा अर्थ रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतोय, रुग्ण शॉकच्या तोंडाशी आहे, असा होतो. ते मी वाचलं नाही. पहाटे त्याचे हातपाय गार पडले तेव्हा धावपळ झाली. दोन दिवसांनी तो सावरला, ते त्याचं नशीब. चार्ट मात्र रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर होता.

भाचीनं विचारलं, हे असं लिहायला सुरुवात कुणी केली? मेटार १९६८ सालापासून आहे आणि ते कुणा एकट्याचं काम नाही. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अक्षरांत आणि आकड्यांत ठिकठिकाणची हवा लिहायची, ती तारेनं एका टेबलावर आणायची, आणि ती वाचून पुढे काय येतंय ते इतरांना कळवायचं, हे रोजचं सरकारी काम करून दाखवणाऱ्यांत रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव फार वरचं आहे. मी त्याला ओळखत होते ते डार्विनचा कप्तान म्हणून. उत्क्रांतीच्या प्रत्येक पुस्तकात तो पहिल्या दोन पानांत येतो आणि मग दिसेनासा होतो.

फिट्झरॉय ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात जन्मला. घराणं फार मोठं, आजोबा ड्यूक, वंश थेट राजा दुसऱ्या चार्ल्सपर्यंत जाणारा. बाराव्या वर्षी तो पोर्ट्समथच्या नौदल महाविद्यालयात दाखल झाला आणि पुढे नौदलाच्या परीक्षेत त्यानं पैकीच्या पैकी गुण मिळवले. तो सतरा वर्षांचा असताना त्याचे मामा लॉर्ड कॅसलरे यांनी आत्महत्या केली. ते तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. ही गोष्ट फिट्झरॉय आयुष्यभर विसरला नाही. आम्ही मानसोपचाराच्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहास असा एक रकाना भरतो. त्याच्या बाबतीत तो रकाना फार लवकर भरला गेला.

१८२८ साली बीगल हे जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याची मोजणी करत होतं. तो भाग म्हणजे गारठा, पाऊस आणि महिनोन्‌महिने न दिसणारा सूर्य. कप्तान प्रिंगल स्टोक्स खचला आणि त्यानं स्वतःचा जीव घेतला. त्याच्या जागी त्याच वर्षाच्या अखेरीस २३ वर्षांच्या फिट्झरॉयला नेमलं गेलं. म्हणजे ज्या केबिनमध्ये आधीचा कप्तान एकटेपणानं हरला होता, तिथेच याला राहायचं होतं.

जहाज ताब्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. ३० जानेवारी १८२९ रोजी बीगल ला प्लाता नदीच्या मुखाजवळ, माल्दोनादोपाशी होतं. त्या भागात पाम्पासच्या गवताळ मैदानांवरून अचानक सोसाट्याचा वारा सुटतो, त्याला पाम्पेरो म्हणतात. बॅरोमीटरचा पारा खाली गेला होता. फिट्झरॉयनं तो पाहिलाही होता. पण नवा कप्तान, पुढे जायची घाई. त्यानं शिडं वेळेवर उतरवली नाहीत. वारा आला आणि जहाज कलंडलं, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडून पडले, शिडांवर चढलेले दोन खलाशी समुद्रात गेले. जहाज कसंबसं सावरलं. ते दोघे मात्र परत आले नाहीत. बॅरोमीटरकडे दुर्लक्ष केल्याचा दोष त्यानं स्वतःकडेच घेतला, आणि तिथून पुढे त्यानं ते यंत्र कधी हलक्यानं घेतलं नाही.

ज्यांनी वैद्यक शिकलंय त्यांना हे निराळं सांगायला नको. पुस्तकात वाचलेला आकडा आणि ज्याची किंमत पाहिली आहे तो आकडा, हे दोन वेगळे असतात.

त्या पहिल्या सफरीहून परतताना त्यानं टिएरा डेल फ्यूगो बेटांवरच्या चार माणसांना बरोबर इंग्लंडला आणलं. त्यांना शिकवून परत पाठवायचं, असा त्याचा बेत. हेतू त्याच्या दृष्टीनं चांगला होता, पण त्या चौघांच्या मर्जीचा विचार त्यात फारसा नव्हता. त्यांना देवीची लस टोचून घेतली होती. तरीही त्यांतला एक तरुण त्याच वर्षी, १८३० मध्ये, प्लिमथच्या नौदल रुग्णालयात देवीनं गेला. उरलेल्या तिघांना परत पोचवायचं म्हणून तर बीगलची दुसरी सफर निघाली.

या सफरीला फिट्झरॉयनं एक अट घातली. कप्तानानं कनिष्ठांशी मोकळं बोलायचं नसतं, म्हणून जेवताना बोलायला एखादा शिकलेला, समान दर्जाचा सोबती हवा. मामा आणि स्टोक्स दोघंही त्याच्या मनात असणार. आपल्या मनाची प्रकृती ओळखून केलेली ही मागणी होती, आणि १८३१ सालच्या एका नौदल अधिकाऱ्यानं ती केली हे मला फार मोठं वाटतं. त्यातून २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन जहाजावर आला. फिट्झरॉयला आधी डार्विनच्या नाकाची ठेवण पटेना. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्यावर त्याचा विश्वास होता. सुदैवानं नाकाला माफी मिळाली.

२७ डिसेंबर १८३१ ला बीगल निघालं. मालाशिवाय त्यावर २२ क्रोनोमीटर होते, आणि आणखी एक गोष्ट होती जिला वजन नव्हतं. नौदलाच्या नकाशा विभागाचे प्रमुख फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी वाऱ्याची शून्य ते बारा अशी मोजपट्टी बनवली होती. कप्तानाला वाटलं म्हणून वारा जोराचा, असं नाही. किती शिडं पेलवतात त्यावरून आकडा द्यायचा. हवेसाठी त्यांनी एकेक अक्षर ठरवलं: निळ्या आकाशाला बी, सुट्या ढगांना सी, धुक्याला एफ, गडगडाटाला टी. आभाळाचा रंग नुसता वाईट दिसत असेल, तर त्यालाही यू असं अक्षर होतं. ही पद्धत अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती बीगलच्या या सफरीत. पाच वर्षं रोज, वादळात आणि शांततेत, त्या अक्षरांत आणि आकड्यांत हवा लिहिली गेली. भाचीच्या वहीतल्या आर ए आणि बी के एन यांची जातकुळी हीच.

कप्तान म्हणून फिट्झरॉय निष्णात होता, आणि तापट. पहाटे तो डेकवर आला की अधिकारी एकमेकांना विचारत, आज गरम कॉफी किती वाटली? म्हणजे साहेबांचा पारा किती चढलाय. हा पारा जसा चढे तसा उतरेही. १८३४ मध्ये चिलीच्या वाल्परायझो बंदरात तो पार खाली आला. काम वेळेत व्हावं म्हणून त्यानं स्वतःच्या पैशानं एक दुसरी नौका विकत घेतली होती. नौदलानं खर्च नाकारला आणि ती विकायला लावली. तो जेवेनासा झाला, आपल्याला वेड लागतंय असं म्हणू लागला, आणि त्यानं कप्तानपद सोडलं. त्याच्या हाताखालच्या विकम या अधिकाऱ्याला ते पद मिळणार होतं. पण विकमनंच त्याची समजूत घातली, नकार दिला, आणि राजीनामा मागे घ्यायला लावला. तो काही दिवसांत उभा राहिला. आजच्या भाषेत याला कुठलं निदान लावायचं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला न तपासता निदान देण्याचं धाडस मी करणार नाही. एवढं मात्र दिसतं की त्या वेळी त्याच्याजवळ एक माणूस होता ज्यानं चिन्हं वाचली आणि पदाचा मोह सोडून त्याला धरून ठेवलं.

२ ऑक्टोबर १८३६ ला बीगल परतलं. पुढच्या अठरा वर्षांचं थोडक्यात सांगते. लग्न, भौगोलिक संस्थेचं सुवर्णपदक, संसदेची एक निवडणूक. १८४३ ते १८४५ तो न्यूझीलंडचा गव्हर्नर होता. तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या चुकीतून झालेल्या एका रक्तपातासाठी त्यानं माओरींना शिक्षा करायचं नाकारलं, वसाहतवाले खवळले, तिजोरी रिकामी झाली, आणि त्याला परत बोलावलं गेलं. १८५२ मध्ये त्याची पत्नी वारली. पन्नाशीजवळ आलेला, पैसा संपत चाललेला, सरकारात फारसं कुणाला नको असलेला माणूस, अशी त्याची स्थिती होती.

१८५३ मध्ये ब्रसेल्सला दर्यावर्दी राष्ट्रांची परिषद भरली. अमेरिकन अधिकारी मॅथ्यू मॉरी यांचा आग्रह असा की सगळ्या जहाजांनी हवेच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात. त्यातून ब्रिटिश सरकारनं १८५४ मध्ये व्यापार मंडळाखाली एक छोटं खातं काढलं आणि फिट्झरॉयला त्यावर नेमलं. हाताखाली मोजकी दोन-चार माणसं. हुद्द्याच्या नावातच त्याची मर्यादा होती: तो हवेचा आकडेमोड्या होता. नोंदी गोळा करायच्या, तक्ते करायचे, पुढच्या पिढ्यांना द्यायचे. उद्याची हवा सांगायची जबाबदारी त्याच्यावर कुणी टाकली नव्हती.

वैमानिकांच्या शिक्षणात हा फरक स्पष्ट शिकवतात. मेटार म्हणजे आत्ता काय आहे. पुढच्या काही तासांत काय होईल ते सांगणारा वेगळा संदेश असतो, त्याला टॅफ म्हणतात. आमच्याकडेही तसंच. तपासणीचा रिपोर्ट निराळा, आणि नातेवाईक दारात उभे राहून विचारतात तो प्रश्न निराळा. रिपोर्टला सही करताना हात थरथरत नाही. दुसऱ्याचं उत्तर देताना आवाज जपावा लागतो.

फिट्झरॉयला पहिल्यावरून दुसऱ्याकडे ढकललं ते एका वादळानं. रॉयल चार्टर हे जहाज मेलबर्नहून लिव्हरपूलला येत होतं. ऑस्ट्रेलियात सोनं मिळवून परतणारी कुटुंबं त्यावर होती. दोन महिन्यांचा प्रवास संपत आला होता. २५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री वेल्सच्या अँगलसी बेटापाशी वादळानं त्याला गाठलं आणि २६ च्या पहाटे खडकांवर आपटलं. किनारा हाकेच्या अंतरावर असताना सुमारे साडेचारशे माणसं गेली. वाचले ते चाळीसेक, आणि त्यांत एकही बाई किंवा मूल नव्हतं. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३३ जहाजं फुटली आणि आठशेच्या आसपास लोक मेले.

फिट्झरॉयनं त्या दिवसांच्या नोंदी ठिकठिकाणांहून मागवल्या आणि एकेका वेळेच्या नकाशावर मांडल्या. नकाशांवरून वादळ पावलापावलानं पुढे सरकताना दिसत होतं. ते यायला तास लागत होते, आणि तारेला मिनिटं. म्हणजे ज्या बंदरात वादळ पोचलंय तिथून पुढच्या बंदरांना कळवता आलं असतं. शवविच्छेदनात कधी कधी कळतं की हा रुग्ण वाचला असता. ते कळल्यावर तो माणूस नुसते तक्ते करत बसणं शक्य नव्हतं.

हॉलंडमध्ये बायस बॅलट यांनी १८६० मध्ये वादळाचे इशारे सुरू केले होते. ब्रिटनमध्ये फिट्झरॉयनं किनाऱ्यावरची पंधराएक तार-ठाणी जोडून घेतली. सकाळी आठची निरीक्षणं, दहाच्या सुमारास तारा लंडनच्या कचेरीत. तिथे आकडे दुरुस्त करायचे, तक्त्यात भरायचे, आणि तो तक्ता साहेबांच्या टेबलावर. धोका दिसला तर उलट बंदरांना तार. बंदरावरच्या काठीवर मग कॅनव्हासचे आकार चढत: वर टोक असलेला शंकू म्हणजे उत्तरेचं वादळ, खाली टोक म्हणजे दक्षिणेचं, ढोलासारखा आकार म्हणजे वारा एकामागून एक दिशांनी झोडपणार, आणि ढोल नि शंकू एकत्र म्हणजे फार मोठा धोका. रात्री त्याच आकारात कंदील. वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही कळावं अशी ही लिपी होती. आपल्या कोकणात जून महिन्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या ओढून घेतात. ती पद्धत याच कुळातली. गरीब बंदरांना त्यानं बॅरोमीटरही उसने दिले आणि ते कसे वाचायचे याचे साधे नियम छापून घेतले.

इशाऱ्यांची सुरुवात फेब्रुवारी १८६१ मध्ये झाली. १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या टाइम्समध्ये पहिल्यांदा पुढच्या दोन दिवसांची हवा छापून आली: उत्तरेला, पश्चिमेला, दक्षिणेला वारा कुठून आणि किती, आणि हवा चांगली राहील एवढंच. त्याच्याबरोबर तक्ता असे. बी खाली बॅरोमीटर, ई खाली सावलीतलं तापमान, एम खाली ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं, डी खाली वाऱ्याची दिशा, एफ खाली जोर, सी खाली ढग. चहा पिता पिता लोक ती लिपी वाचायला शिकले. आपण करतोय त्याला नाव काय द्यावं, यावरही त्यानं विचार केला होता. भविष्यवाणी नको, भाकीत नको, म्हणून त्यानं फोरकास्ट हा शब्द घेतला: हाती असलेल्या आकड्यांवरून केलेली मोजदाद. मराठीत आपण हवामानाचा अंदाज म्हणतो, हवामानाचं भविष्य म्हणत नाही. त्याला ते आवडलं असतं.

आणि मग ज्याची भीती असते तेच झालं. पंधरा ठाण्यांचे आकडे, अटलांटिकवरून काहीच नाही, वरच्या हवेची माहिती शून्य. अंदाज चुकणारच. चुकला की हसं. बरोबर आला की कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण जी होडी बंदरातच थांबली तिच्या बुडण्याची बातमी होत नाही. बावटा लागला आणि वारा आला नाही, तर मासेमारीच्या होड्यांचे मालक बुडालेला धंदा मोजून दाखवत. खासदार खर्च विचारत. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की सिद्धांत पक्का नसताना हा माणूस जाहीर बोलतोच कसा? त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. फिट्झरॉयचा सिद्धांत खरोखरच कच्चा होता. ज्या टाइम्सनं अंदाज छापले, त्यानंही १८६४ मध्ये त्यांची जबाबदारी झटकली. दुसरीकडे व्हिक्टोरिया राणी वाइट बेटावर जायची असली की समुद्र कसा राहील ते विचारायला त्याच्या घरी माणूस धाडत असे.

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. साथ आलीच नाही, तर मग फवारणीवर पैसे का घालवले, हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी ऐकते.

त्याच्या अंगावर आणखी ओझी होती. १८५७ मध्ये त्याला हवी असलेली एक वरची जागा त्याच्याच हाताखाली बीगलवर काम केलेल्या सलिव्हनला मिळाली. डार्विनचं पुस्तक आल्यावर, आपण त्या माणसाला सोबत नेलं याचं या कट्टर श्रद्धाळू कप्तानाला दुःख झालं. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध वादात बायबल उंचावून उभा राहिलेला तो म्हातारा हाच. स्वतःची मालमत्ता त्यानं जवळजवळ सगळी सरकारी कामात घातली होती. ऐकू कमी येऊ लागलं होतं. कामाचे तास कमी होत नव्हते; तारा रविवार सोडून रोज येत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यानं ती घेतली, आणि मध्येच उठून कचेरीत गेला. १८६५ च्या वसंतात त्याला झोप नव्हती, निर्णय घेता येत नव्हता, एकाच गोष्टीभोवती मन फिरत होतं. २९ एप्रिलला तो लंडनमध्ये आलेल्या मॉरींना भेटायला गेला. ३० एप्रिलला, रविवारी सकाळी, लंडनजवळच्या अपर नॉरवुडच्या घरी त्यानं आपलं आयुष्य संपवलं. वय ५९.

झोप न लागणं, स्वतःला निरुपयोगी समजणं, कामाला लागून मध्येच सोडणं, घरात पूर्वी आत्महत्या झालेली असणं. आज ही चिन्हं ओपीडीत कुणीही ओळखील, आणि उपचार आहेत. त्या काळी विश्रांतीपलीकडे फारसं काही नव्हतं. वाचकांपैकी कुणाला, किंवा घरात कुणाला असं होत असेल, तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, मराठीतही. तिथे बोलावं, किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात यावं.

तो गेल्यावर कळलं की घरावर कर्ज आहे. मित्रांनी निधी जमवला. मतभेद असूनही डार्विननं १०० पौंड दिले. राणीनं त्याच्या पत्नीला आणि मुलीला हॅम्पटन कोर्टमध्ये राहायला जागा दिली.

सरकारनं फ्रान्सिस गॉल्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिनं १८६६ मध्ये सांगितलं की दैनंदिन अंदाजांना शास्त्रीय पाया नाही. अंदाज बंद झाले, आणि त्या वर्षअखेरीस वादळाचे इशारेही. काठ्यांवरचे शंकू खाली उतरले. तेव्हा बंदरांतून ओरड सुरू झाली. खलाशी, कोळी, बंदराचे अधिकारी, सगळे म्हणू लागले की चुकतमाकत का होईना, पण बावटा हवा. १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले. जनतेसाठीचे अंदाज परत यायला १८७९ उजाडलं. २००२ साली ब्रिटिश हवामान खात्यानं समुद्री अंदाजातल्या फिनिस्टर या पट्ट्याचं नाव बदलून फिट्झरॉय केलं. रेडिओवर रोज वाचल्या जाणाऱ्या त्या यादीत माणसाचं असं ते एकटंच नाव.

भाचीचा पेपर बरा गेला म्हणे. आता ती सकाळी मला फोनवर मुंबईची ओळ पाठवते आणि मी वाचून दाखवायची असते. परवा २४/२४ होतं. मी तिला कळवलं की दोन आकड्यांत काही अंतरच उरलेलं नाही. तिनं उत्तर दिलं की म्हणूनच आज आमचं उड्डाण दहानंतर आहे.